पाच मिनिटं बोलू द्या, नाही म्हणू द्या

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो, तो आणि त्याचे दोन मित्र मिळून एक ॲप बनवतायत, व्हिडिओवर स्पीड डेटिंगचं. दिवाळीत सोलापूरला आला तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून दाखवत होता. म्हणाला, मावशी, तू एवढी वर्षं वधू-वर मंडळात पोरापोरींची नावं नोंदवतीस, तूच सांग हे आपल्याकडं चालंल का. त्याची आई आतनं ओरडली, असले थेर इथं नकोत बाबा. मी तेव्हा काहीच बोलले नाही, कारण खरंच विचार करायचा होता, आता तो झालाय म्हणून लिहितेय. माझं मत असं आहे की हे सोलापुरात यावं, जरूर यावं. भाचा म्हणतो यात वेळ वाचतो, तासाभरात आठ-दहा जण बघून होतात. मला त्या वेगाचं काही कौतुक नाही, लग्नाच्या बाबतीत घाई करून कुणाचं भलं झालेलं मी बघितलेलं नाही. मला त्या सगळ्या ॲपमध्ये एकच बटण मोलाचं वाटतं आणि ते म्हणजे ‘नाही’ म्हणायचं.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ठरलेल्या वेळेला सगळे लॉगिन करतात, ॲप दोघादोघांना जोडून देतं, पाच मिनिटं व्हिडिओ कॉल होतो, वरती टायमर चालू असतो, वेळ संपली की कॉल आपोआप कट. मग होय किंवा नाही दाबायचं आणि पुढचा कॉल. दोघांनीही होय दाबलं तरच पुढं बोलता येतं, नाहीतर विषय तिथंच संपला. आता ज्यानं होय दाबलं आणि काही जुळलं नाही त्याला कळणारच की समोरून ‘नाही’ आलंय, पण फक्त त्यालाच कळतं. त्याच्या काकाला कळत नाही, मध्यस्थाला कळत नाही, गल्लीला कळत नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे पण आपल्याकडच्या मुलीसाठी ते केवढं मोठं आहे ते सांगायचंय मला.

आमच्या घरातलीच गोष्ट. माझी आत्येबहीण, तेव्हा बी.एड. झालेली, तिला बघायला बार्शीकडचं स्थळ आलं होतं. सकाळपासून पोहे, शेंगाची चटणी बाजूला काढून ठेवलेली कारण पाहुण्यांना तिखट चालंल का माहीत नाही, सोफ्यावर सोलापुरी चादर नवी कोरी घातलेली, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. सात माणसं आली. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं आणि त्यांच्या मागोमाग मुलाची वहिनी पण गेली. मुलानं विचारलं, स्वयंपाक येतो का, नोकरी सोडशील का. बहीण खाली आली आणि आईच्या कानात म्हणाली, मला नाही करायचं. बास, एवढंच. ते स्थळ आणणारे मामांच्या दुकानातले भागीदार होते, त्यांनी ते मनाला लावून घेतलं, मामांचं आणि त्यांचं दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं. आणि बाहेर काय पसरलं तर पोरीला शिकवून डोक्यात हवा गेलीय, आधीच कुठंतरी जमलेलं असंल. त्यानंतरची तीन स्थळं नुसती चौकशी करून परत फिरली. चौथ्या वेळी तिला कुणी विचारलंच नाही, आणि तिनंही काही म्हटलं नाही. ती आज सुखी आहे का हा प्रश्न मी कुणाला विचारू देत नाही, पण ती त्या दिवशी गप्प बसली ते मला दिसलं होतं.

मुलानं नकार दिला तर म्हणतात पसंती नाही आली, मुलीनं दिला तर म्हणतात अपमान केला. आणि ही गोष्ट फक्त जुन्या लोकांची नाही हं, आजही मंडळात येणाऱ्या आया मला हळू आवाजात सांगतात, तुम्हीच काहीतरी कारण काढा, पत्रिका जुळत नाही म्हणून सांगा. मी अशी किती कारणं काढली असतील. पत्रिका हे आपल्याकडं नाही म्हणायचं सभ्य साधन झालंय, मंगळ बिचारा उगीच बदनाम आहे.

मेळाव्यांचं पण बघा. वधू-वर परिचय मेळावा म्हणजे आपलं स्पीड डेटिंगच आहे असं लोक म्हणतात, मी पण म्हणायचे. पण त्यात डेट कुठाय? हॉलमध्ये पाचशे माणसं, स्टेजवर एकेकाला बोलवायचं, छातीला नंबरचा बिल्ला, हातात माइक, नाव शिक्षण उंची पगार मामेकुळ आणि अपेक्षा, चला पुढचा नंबर. एका वर्षी मी माइकपाशीच उभी होते, एक मुलगी आली, तिनं पदराच्या टोकाला चिठ्ठी धरलेली, हात एवढा थरथरत होता की माइकमध्ये बांगड्यांचा आवाज येत होता. अपेक्षा सांगायची वेळ आली तेव्हा म्हणाली, निर्व्यसनी आणि समजूतदार. ती गेली, पुढची आली, ती पण म्हणाली निर्व्यसनी आणि समजूतदार. सगळ्याच तेच म्हणतात कारण पाचशे लोकांसमोर दुसरं काय म्हणणार. मुलगा समजूतदार आहे का हे त्या हॉलमध्ये कळायचा काही मार्गच नसतो, ते बोलल्यावरच कळतं, एकट्यानं एकट्याशी बोलल्यावर.

थेर हा शब्द माझ्या डोक्यात राहिला होता म्हणून मी जरा वाचलं. स्पीड डेटिंग सुरू झालं १९९८ मध्ये, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ बेव्हरली हिल्सला, आणि सुरू कुणी केलं तर एका धर्मगुरूनं. याकोव्ह डेयो नावाचे ज्यू रब्बी. त्यांच्या समाजातली तरुण मुलं कामाच्या धबडग्यात एकमेकांना भेटत नाहीत, लग्नं समाजाबाहेर होतायत, ही त्यांची काळजी होती. म्हणून त्यांनी एका कॉफीच्या दुकानात मुलामुलींना बोलावलं, टेबलं लावली, दहा मिनिटं झाली की सणाला वाजवायचं एक खुळखुळ्यासारखं वाद्य वाजवायचं आणि जागा बदलायच्या. म्हणजे जे आपले मंडळवाले करतात तेच, समाजातल्या वडीलधाऱ्यानं समाजातल्या पोरांसाठी केलेली सोय. त्यांना एवढं मात्र कळलं होतं की पोरांना आपसात बोलू द्यावं आणि आपण खुळखुळा घेऊन बाजूला उभं राहावं. आपल्या वडीलधाऱ्यांना मी एवढंच म्हणतेय.

आणि सोलापूरकरांना तर संमती हा शब्द मी शिकवायची गरज नाही. दरवर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, येऊन उभे राहतात, पांढरे बाराबंदी घातलेली माणसं, उन्हात अख्खं गाव लोटलेलं, आणि संमती वाचली जाते, मगच अक्षता. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्यावर मन जडलेल्या कुंभारकन्येची ती गोष्ट, ते संन्यस्त म्हणून तिनं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलं. मी लहानपणापासून ते बघते, आणि मोठी झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली की त्या कथेत इच्छा मुलीनं बोलून दाखवली होती, आणि समोरच्यानं नाही म्हटलं तेसुद्धा तिचा मान राखून. ज्या गावाच्या सगळ्यात मोठ्या सोहळ्यात संमती वाचल्याशिवाय अक्षता पडत नाहीत त्या गावात मुलीला पोह्यांच्या ताटामागं गप्प बसवायचं हे मला पटत नाही.

दुसरी बाजू पण आहे आणि ती मी टाळणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच सोलापुरात कलेक्टर ऑफिसवर मोर्चा निघाला होता, लग्न न जमलेली पोरं नवरदेवाच्या वेशात, मुंडावळ्या बांधून, काही घोड्यावर बसून. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा नीट राबवा, मुलींची संख्या कमी झालीय म्हणून आमची लग्नं होत नाहीत, अशी त्यांची मागणी होती. लोकांनी त्याचे व्हिडिओ फिरवून करमणूक करून घेतली, मला त्यात करमणूक दिसली नाही. शेती करणारा, लूमवर काम करणारा, एमआयडीसीत बारा तास घालणारा मुलगा चांगला असूनही त्याला मुलगी मिळत नाही कारण बायोडाटात पुणे आणि पॅकेज नाही. मागणी त्यांची बरोबरच होती. पण अशा गावात ॲप काढलं की काय होणार ते पण उघड आहे, मुलं शेकड्यानं येणार आणि मुली बोटांवर मोजण्याइतक्या. मग कंपनी काय करते, मुलींना फुकट आणि मुलांना पैसे. मी भाच्याला इथंच अडवलं. फुकट आत घेतलेली मुलगी म्हणजे पैसे भरलेल्यासाठी मांडलेला माल होतो, आणि पैसे भरलेल्याला वाटायला लागतं की आपला हक्क आहे. फी दोघांना सारखी ठेव, नाममात्र ठेव, पण सारखी. आणि जेवढ्या मुली तेवढीच मुलं आत घे, बाकीच्यांना पुढच्या आठवड्याचा नंबर दे. तो म्हणाला, मावशी मग धंदा कसा वाढणार. मी म्हटलं, हळू वाढंल.

एक प्रयोग वाचला तो इथं सांगते कारण तो आपल्या पोह्यांना फार लागू आहे. स्पीड डेटिंगमध्ये नेहमी मुली जागेवर बसतात आणि मुलं टेबलं फिरतात, आणि दिसायचं असं की मुली जास्त चोखंदळ असतात. फिंकेल आणि ईस्टविक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही कार्यक्रमांत उलटं केलं, मुलांना बसवलं आणि मुलींना फिरवलं, तर तो फरकच राहिला नाही. म्हणजे कोण चोखंदळ आहे हे बरंचसं खुर्च्या कशा मांडल्यात त्यावर ठरतं. आपल्याकडं मुलगी बसलेली असते खरी, पण ती स्वतःच्या घरात असूनही परीक्षेला बसल्यासारखी आणि येणारे परीक्षक. व्हिडिओत कुणी कुणाच्या घरी जात नाही. दोघंही आपापल्या खुर्चीत, दोघांच्या चेहऱ्याचा चौकोन सारखाच, पोहे कुणीच केलेले नाहीत, आणि शेवटी दोघांच्या बोटाखाली तीच दोन बटणं. लॉकडाऊनमध्ये २०२० ला व्हिडिओवर बघण्याचे कार्यक्रम आपण केलेच की, पण तिथं सुद्धा मोबाइल सोफ्यावर उभा करून मागं अख्खं घर बसायचं, म्हणजे कॅमेरा नवा आणि मांडणी जुनीच.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी रात्री भाच्यानं टेस्ट घेतली, आठ मुली आठ मुलं, सगळे ओळखीतून गोळा केलेले आणि प्रत्येकाची ओळख मी स्वतः खात्री केलेली. त्यातली एक अशोक चौकाकडची, घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते, मुलगी एका सीएच्या ऑफिसात बसते. तिचा फोन आला, काकू घरात कुठं बसून बोलू, एक खोली, बाबा टीव्ही बघतात. मी म्हटलं आईला सांगून माझ्याकडं ये. आई सोबतच आली. मुलगी आतल्या खोलीत बसली, मी आणि तिची आई बाहेर शेंगा सोलत बसलो, आतनं कधी हसायचा आवाज, कधी नुसतं हं हं. पाऊण तासानं बाहेर आली, इअरफोन गळ्यात तसाच. आईनं विचारलं काय झालं. म्हणाली, एकाला विचारलं घरी तू काय काय काम करतोस, तो म्हणाला आमच्यात बायका करतात, मी ‘नाही’ दाबलं. मग थोडं थांबून म्हणाली, दाबताना छातीत धडधडलं काकू, आणि मग काहीच झालं नाही, पुढचा कॉल लागला. तिची आई शेंगा सोलायची थांबली आणि तिच्याकडं बघतच राहिली. मला वाटतं त्या बाईनं आपल्या आयुष्यात असं ‘नाही’ कधी म्हटलेलं नव्हतं.

त्या एका संध्याकाळीच मला या धंद्यातल्या सगळ्या अडचणी पण दिसल्या. पहिली जागेची. कुंभारीला विडी कामगारांची हजारो घरं उभी राहिली, रे नगरची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली, चांगलंच झालं, पण त्या घरात तरुण मुलीला दार लावून पाच मिनिटं बोलता येईल अशी जागा नाही, मोठ्या घरांत तरी कुठाय म्हणा. ॲप बनवणारे हे गृहीतच धरतात की प्रत्येकाला स्वतःची खोली आहे. माझं म्हणणं आहे की मंडळांनी, वाचनालयांनी, महिला संस्थांनी रविवारी संध्याकाळी दोन-चार खोल्या उघडाव्यात, वायफाय द्यावं, पाण्याची बाटली ठेवावी, बाहेर एक जबाबदार बाई बसावी. हॉल भाड्यानं घेऊन मेळावे करण्यापेक्षा स्वस्त पडतं, मी हिशोब करून बघितलाय. आणि मागची भिंत दिसता कामा नये, सगळ्यांना एकसारखी साधी बॅकग्राउंड कंपनीनंच लावून द्यावी, म्हणजे कुणाच्या मागं फॉल सीलिंग आणि कुणाच्या मागं पोपडे हा हिशोब समोरच्याच्या डोक्यात सुरूच होणार नाही. चेहरा गोरा करणारे फिल्टर तर मुळातच नकोत.

दुसरी ओळखीची. २००९ मध्ये चॅटरूलेट नावाची साइट निघाली होती, मॉस्कोतल्या सतरा वर्षांच्या मुलानं काढलेली, कुणालाही कुणाशीही व्हिडिओवर जोडायची, आणि बघता बघता तिथं पुरुषांचे अश्लील प्रकार एवढे वाढले की बायकांनी जायचंच सोडलं. ओळख न तपासता कॅमेरा लावला की हेच होतं. आपल्या केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मॅट्रिमोनियल साइटसाठी सूचना काढल्या, ओळखपत्र घ्या, ही साइट लग्नासाठी आहे डेटिंगसाठी नाही असं स्पष्ट लिहा वगैरे. त्यामुळं होतं काय की काही जण आम्ही डेटिंगवाले म्हणून त्यातून अंग काढून घेतात. सोलापूरसारख्या गावात, जिथं दोन माणसांमागं तिसरा ओळखीचा निघतो, तिथं नाव काहीही द्या, ओळख तपासल्याशिवाय कुणाला आत घेणं हा गुन्हाच समजला पाहिजे. स्क्रीनशॉट ॲपमधून बंद करता येतो पण समोर दुसरा मोबाइल धरून रेकॉर्डिंग करणाऱ्याला कुठलंही ॲप थांबवू शकत नाही, हे मुलींना आधी स्पष्ट सांगायला पाहिजे, लपवायचं नाही. फक्त पहिलं नाव दिसावं, पेठ नाही, ऑफिस नाही, फोन नंबर नाही. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात एक फार चांगली गोष्ट आहे की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. मग खातं डिलीट करायचं बटण सात पानांच्या आत लपवू नका, पहिल्या पानावर ठेवा.

आडनावाबद्दल भाच्याशी माझं भांडणच झालं. त्याला जातीचा फिल्टर पाहिजे, म्हणतो त्याशिवाय पालक पैसे देणार नाहीत. मी स्वतः समाजाच्याच मंडळात काम करते, मला कळतं तो काय म्हणतोय ते. तरी माझं मत पक्कं आहे, पहिल्या पाच मिनिटांत आडनाव नको. भाषा विचारा, मराठी तेलुगू कन्नड उर्दू, आपल्या गावात हे चारही बोलणारे एका रिक्षात बसतात, ज्या भाषेत मन मोकळं होतं ती भाषा माणसानं निवडावी. दोघांनी होय दाबलं की मग बाकीचं विचारायला आयुष्य पडलंय. ज्याला जातीतच करायचंय तो मग तसं ठरवेल, पण आधी समोरच्याचा आवाज ऐकून ठरवेल.

लोक म्हणतील पाच मिनिटांत काय माणूस कळतो. नाही कळत. पण पोह्यांच्या अर्ध्या तासात वहिनीसमोर किती कळतो, आणि छत्तीस गुण जुळून किती कळतो? पाच मिनिटांत एवढंच कळतं की याच्याशी सहावं मिनिट बोलावंसं वाटतंय का, आणि पहिल्या भेटीत याहून जास्त काही कळायची अपेक्षाच चुकीची आहे. पुढची चौकशी, घरच्यांची गाठभेट, सगळं करायचंच आहे, आईबापांना कुणी बाहेर काढत नाहीये, फक्त त्यांची पाळी दुसरी येणार. पहिल्याऐवजी दुसरी, एवढाच बदल, आणि मला खात्री आहे की बऱ्याच आयांना मनातून तो हवाच आहे.

धंदा म्हणून चालेल का याची मात्र काळजी वाटते. फेसबुकनं २०२१ मध्ये स्पार्क्ड नावानं नेमकं हेच काढून बघितलं, चार मिनिटांच्या व्हिडिओ डेट, आणि जानेवारी २०२२ मध्ये बंद करून टाकलं, एवढे पैसे आणि एवढी माणसं असलेली कंपनी. मला वाटतं या प्रकाराची मुख्य अडचण अशी की एकाच वेळी पुरेशी माणसं हजर पाहिजेत, एखादा रात्री दोन वाजता लॉगिन झाला आणि समोर कुणीच नसेल तर तो परत येत नाही. म्हणून चोवीस तास सेवा वगैरे सोडून द्यावं, आठवड्यातून एक वार, रविवारी रात्री नऊ, आधी नाव नोंदवलेले तेवढेच. आणि दर महिन्याचं सबस्क्रिप्शन तर अजिबात नको, कारण मग मुलगा-मुलगी जमली की कंपनीचं गिऱ्हाईक गेलं, न जमण्यातच तिचा फायदा. ज्या संध्याकाळी बसलात तिचे पैसे द्या, बास.

माझ्या अटींपैकी ओळखीची आणि बॅकग्राउंडची भाच्यानं लगेच मान्य केली, सारख्या फीची कुरकुरत मान्य केली, आडनावाचं अजून अडकलंय. परवा फोनवर म्हणाला, मावशी तू लई हट्टी हाईस. मी म्हटलं आडनाव दाखवणार असशील तर माझ्याकडनं एकही मुलगी मिळणार नाही. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, संपला की दुसरी टेस्ट आहे. अशोक चौकाकडची ती येणार आहे, तिच्या आईनं स्वतः फोन करून सांगितलं, आणि विचारलं की शेजारच्या दोघी पण आणल्या तर चालंल का.